फॉर्म चारची तिसरी ओळ

संगीता गेली हे मला बुधवारी दुपारी पावणेचारला कळलं. मी दवाखान्याच्या जिन्यात होतो. दोन्ही हातांत रक्ताच्या पिशव्या होत्या, थंडगार, टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या. रक्तपेढी खाली आणि ऑपरेशनची खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टला गर्दी होती म्हणून मी जिन्याने पळत होतो. ती माझी तिसरी फेरी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर शुभदा मॅडम खाली येताना दिसल्या. ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. त्यांनी पिशव्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू द्या आता."

मला कळलं. तरी पिशव्या मी खाली ठेवल्या नाहीत.

त्या पायरीवर बसल्या आणि मलाही बसवलं. "मुलगी वाचली आहे. एक किलो नऊशे ग्रॅम. संगीताला नाही वाचवता आलं. बाळाची वार गर्भपिशवीत रुतून बसली होती, आधीच्या सिझरच्या व्रणात. सुटेना, आणि रक्त थांबेना. गर्भपिशवीच काढली, तरी नाही थांबलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "फुलचंदभाऊ, कार्डावर पहिलटकरीण लिहिलंय. पोटावर तर जुने टाके आहेत. हे कोणीच कसं सांगितलं नाही?"

उत्तर मला माहीत होतं.

दवाखान्याचं नाव मी इथे लिहीत नाही. माझं भांडण त्यांच्याशी नाही. मी फुलचंद आडे, आमचा तांडा केळापूर तालुक्यात. दहावीपर्यंत शिकलो. हंगामात जिनिंगमध्ये काम करतो. रुईच्या दाबलेल्या गाठींवर नंबर टाकायचं काम माझ्याकडे असतं. संगीता तिथेच कापूस उलटवायला यायची. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं आदिलाबादच्या एका जिनमध्ये कामाला गेलो होतो. आमचं पहिलं लेकरू तिकडेच झालं. मुलगा. लेकरू आडवं होतं म्हणून पोट फाडून काढावं लागलं. तो दोन दिवस जगला.

आमच्या तांड्यात बारशाआधी गेलेलं लेकरू मोजत नाहीत. त्याचं नाव काढत नाहीत, किती झाली विचारलं तर त्याला धरत नाहीत. पोटात दुसरं असताना तर मुळीच नाही. त्याची आठवण काढली की ते येऊन पोटातल्याला घेऊन जातं, असं जुन्या बाया म्हणतात. आदिलाबादहून परत येताना पैनगंगेच्या पुलावर याडीने, म्हणजे बाळंतपणासाठी तिकडे आलेल्या माझ्या आईने, गाडी थांबवायला लावली. लेकराचे कपडे, टोपडं, अंगावरचं फडकं आणि दवाखान्याची फाईल, सगळ्याचं गाठोडं बांधून तिने नदीत सोडलं. संगीता गाडीतच बसून होती. ती पलीकडच्या खिडकीतून बाहेर पाहत होती.

या वेळी तिला तिसरा महिना असताना नर्सबाई तांड्यात आल्या. सोबत हंसाबाई होती. ती आमच्या तांड्याची आशा. गरोदर बायांची नोंद ठेवते, गोळ्या देते, दवाखान्यात नेते. नर्सबाईंनी ओट्यावर बसून कार्ड भरायला घेतलं.

"कितवी खेप?"

संगीताने याडीकडे पाहिलं. याडी म्हणाली, "पहिलीच हाय."

मी रांजणापाशी उभा राहून पाणी पीत होतो. ऐकलं, आणि तांब्या ठेवून बाहेर निघून गेलो. टाके आडवे होते, निऱ्यांच्या खाली. कोणाला दिसले नाहीत. सातव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. वार खाली आणि समोरच्या बाजूला आहे असं त्यात आलं. पहिलटकरणीची वार खाली असली तर डॉक्टर जपायला सांगतात. सिझर झालेल्या बाईची तशी असली तर फार मोठी भीती असते, तिला आधीच मोठ्या दवाखान्यात नेतात, रक्त तयार ठेवतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा कार्डावर पहिलटकरीण होतं. संगीताला जपायला सांगितलं. ती जपली. तरी आठव्या महिन्यात रक्त जायला लागलं आणि तिला ऑपरेशनला न्यावं लागलं.

तेरावं झाल्यावर आठ-दहा दिवसांनी हंसाबाई आली. ओट्यावर बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि रडायला लागली.

"फुलचंद, तालुक्याच्या मीटिंगमध्ये संगीताचं नाव निघालं. रक्तक्षय म्हून लिहून आलं वरून. मोठ्या मॅडम मले म्हणे, तुमच्या तांड्यातल्या बाया गोळ्या खात नाहीत, फेकून देतात, आन तुम्ही खाल्ल्या म्हून लिहिता. चारचौघींत बोलली."

"काय लिहून आलं?"

"रक्तक्षय. अंगात रक्त नव्हतं म्हून मेली."

मी आत गेलो आणि फळीवरचा बिस्किटाचा डबा आणला. संगीता गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या त्यात ठेवायची, कारण हंसाबाई मोजून पाहायची. आम्ही ओट्यावर मांडून पुन्हा मोजल्या. पंधरा रिकाम्या. सोळाव्या पट्टीत चार गोळ्या राहिल्या होत्या. त्या गोळ्यांनी तिला मळमळायचं. नाक धरून, वर गुळाचा खडा खाऊन ती रोज गोळी गिळायची. कार्डावर शेवटच्या आठवड्यात रक्त दहा पॉइंट आठ लिहिलेलं होतं.

"एवढं रक्त होतं, तर ते गेलं कुठं?" हंसाबाई म्हणाली.

ते कुठे गेलं ते मी पाहिलं होतं. तीन फेऱ्या मारल्या होत्या मी.

त्या दिवशी मी ठरवलं, हे बदलून आणायचं. संगीताने गोळ्या फेकल्या असं कोणत्याही कागदावर राहू द्यायचं नाही.

दवाखान्याची रेकॉर्ड रूम तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागे आहे. तिथे यज्ञेश्वर पांढरीपांडे म्हणून गृहस्थ बसतात. पन्नाशीच्या पुढचे, चष्म्याला दोरी. पहिल्या दिवशी ते म्हणाले, अर्ज करा. दुसऱ्या दिवशी म्हणाले, अर्जाला नात्याचा पुरावा जोडा. तिसऱ्या दिवशी मी पुरावा जोडून, डबा पिशवीत घालून गेलो आणि त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसलो.

"तुम्ही काही सोडत नाही," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी फाईल काढली. एक छापील कागद माझ्याकडे फिरवला. "हा फॉर्म चार. मृत्यूचं कारण यात लिहितात. तीन ओळी असतात. पहिलीत शेवटी काय झालं ते. दुसरीत, ते कशानं झालं. तिसरीत, मुळात कशानं. मला ही तिसरी ओळ लागते. तिच्यावरून मी आजाराचा आकडा टाकतो. जगभर एकच यादी आहे. तो आकडा इथून जिल्ह्याला जातो, तिथून मुंबई, दिल्ली. पुढे फक्त आकडाच जातो. फाईल इथंच राहते."

"मग तिसऱ्या ओळीत काय आहे?"

"काही नाही. दुसरीतही नाही. पहिलीत लिहिलंय, हृदयक्रिया बंद. आता हृदय तर साऱ्यांचंच बंद पडतं, भाऊ. माझंही पडेल. त्याला मूळ कारण म्हणत नाहीत. म्हणून मी खालचा रकाना पाहिला. तिथं आहे, तीव्र रक्तक्षय. त्याचा आकडा इंग्रजी ओ, नव्याण्णव पॉइंट शून्य. टाकला."

"हे कोणी लिहिलं?"

"शिकाऊ डॉक्टर होते. त्यांनी शेवटचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला. हा. चार पॉइंट एक."

मी रिपोर्टवरची वेळ पाहिली. "साहेब, हे अडीच वाजताचं आहे. ती टेबलावर होती. रक्त वाहून राह्यलं होतं. नळ उघडा ठेवायचा, आन मग म्हणायचं टाकीत पाणीच नव्हतं?" मी कार्ड पुढे ठेवलं. "हे आठ दिवस आधीचं. दहा पॉइंट आठ."

त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग फाईलची पानं उलटली. "शुभदा मॅडमची ऑपरेशनची नोंद आहे इथं. त्यांच्या हातची. वार जुन्या व्रणात खोलवर रुतलेली. याचा आकडा वेगळा. ओ त्रेचाळीस पॉइंट दोन."

"मग तो टाका."

"फॉर्मवर ते नाही. मी डॉक्टर नाही. लिहिलेल्याला मी आकडा देतो, मनाचा नाही देत."

"नोंद एक म्हणते, फॉर्म दुसरं म्हणतो. असं दिसलं तर तुम्ही विचारत नाही?"

त्यांनी टेबलावरची टाचणी उचलून डबीत टाकली. "विचारायला पाहिजे होतं. विचारणेचा कागद असतो, तो डॉक्टरकडे पाठवायचा. महिनाअखेर होती, गठ्ठा पडला होता. मी नाही पाठवला."

हे ते सरळ बोलले म्हणून मला त्यांचा राग आला नाही. जिनमध्ये मीही एकदा घाईत वीस गाठींवर दुसऱ्या लॉटचा नंबर टाकला होता. त्या गाठी तशाच गिरणीला गेल्या. तिकडे गाठ फोडून कोणी पाहत नाही, नंबरच वाचतात.

"आता पाठवतो," ते म्हणाले. "पण बाळंतपणातल्या मृत्यूवर कमिटी बसते. ती पहिले हेच विचारेल. कार्ड म्हणते पहिलटकरीण, ऑपरेशनची नोंद म्हणते आधीचं सिझर. खरं कोणतं? तुम्हाला दोन कागद आणावे लागतील. त्या पहिल्या सिझरचा कागद. आणि कार्डावर चुकीचं का लिहिलं गेलं, त्याचा जबाब."

"कोणाचा जबाब?"

"ज्यांनी नर्सला सांगितलं, त्यांचा."

पहिला कागद सोपा होता. आदिलाबादला गेलो, माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं, तारीख दिली. तिथल्या बाईंनी दोन तासांत रजिस्टर शोधलं आणि शिक्का मारून नक्कल दिली. त्यात संगीताचं नाव, सिझर, मुलगा, वजन, आणि तो गेल्याची वेळ होती. त्याचं वजन मला माहीत नव्हतं. दोन किलो सहाशे. बसमध्ये मी तो कागद चारदा वाचला. पूल आला तेव्हा खिडकीतून खाली पाहिलं नाही.

दुसरा कागद घरात होता.

याडी, धुरपताबाई तिचं नाव, अंगणात पोरीला पायावर घेऊन आंघोळ घालत होती. मी सगळं सांगितलं. ती पोरीच्या डोक्यावर पाणी ओतत राहिली. घरी आम्ही बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलतो, इथे मी ते वऱ्हाडीत लिहितो.

"म्हंजे मी लिहून देऊ, का मीच सून मारली?"

"असं नाही लिहायचं. नर्सबाईनं विचारलं तवा पहिली खेप म्हून सांगितलं, एवढंच."

"तेच झालं ना ते. बाकी काय राह्यलं त्यात?" तिने पोरीला उचलून फडक्यात गुंडाळलं. "तू कुठं होता तवा?"

"रांजणापाशी. मी ऐकलं, आन निघून गेलो."

"मग तू काहून नाही बोलला?"

"तेच मी लिहून देऊन राह्यलो. तुह्या जबाबाच्या वर माहा जबाब राहीन."

"तुले लिहिता येते. तुले शोभते. मले अख्खा तांडा काय म्हणन? धुरपताबाईनं सुनेचं पोट लपवलं म्हणन."

"अन संगीताले काय म्हणून राह्यले? गोळ्या फेकून देत होती म्हणतात. तू पाह्यलं तिले गोळी गिळताना."

ती उठून आत गेली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पण समोर बसायची नाही. मीही पुन्हा विषय काढला नाही. कागद लिहून फळीवर डब्याखाली ठेवला होता, अंगठ्याची जागा सोडून.

पाचव्या दिवशी मी विहिरीवरून येत होतो. माझ्या चुलतभावाच्या, बादलच्या दारासमोर बाया जमल्या होत्या. याडी बादलच्या बायकोचा, पुष्पाचा हात धरून तिला ओढत होती. पुष्पाला सहावा महिना होता. मागच्या साली हिंगणघाटला तिचं सिझर झालं होतं, लेकरू सहाव्या दिवशी गेलं. तिच्याही कार्डावर पहिलटकरीण लिहिलेलं होतं.

बादल दारात आडवा उभा होता. "काकी, सोड तिले. तूच तर सांगितलं होतं, मागचं सांगायचं नाही म्हून. आता तूच वरात काढून राह्यली?"

"तवा मी सांगितलं. आज मीच नाही म्हणून राह्यली. हो बाजूले."

"लोक हसतील."

"हसू दे. माह्या घरी तेरावं झालं, तुह्या घरी व्हायचं हाय का?"

बादल बाजूला झाला. पुष्पा म्हणाली, "काकी, चप्पल तं घालू द्या." मग दोघी हंसाबाईच्या घरी गेल्या. मी मागे गेलो. याडीने दारातूनच ओरडून सांगितलं, "हंसे, हिचं कार्ड काढ. ही पहिलटकरीण नाही. पोट फाडलं होतं हिचं. लेकरू झालं होतं, पोरगा होता. लिही."

हंसाबाईने लिहिलं. मग याडी म्हणाली, "आन माह्या घरीपण दोन झाले. एक गेलं, एक हाय. तेपण लिही कुठं लिहायचं ते." घरी आल्यावर तिने डबा उचलला, कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. "शाई आण."

महिन्याभरात यवतमाळला कलेक्टर ऑफिसमधून बोलावणं आलं. बाळंतपणात बाई गेली की तिथे चौकशीची बैठक होते आणि घरच्या दोघांना बोलावतात. मी आणि याडी गेलो. पोरगी हंसाबाईकडे ठेवली. लांब टेबलाभोवती दहा-बारा जण होते. पांढरीपांडे मागच्या खुर्चीवर फाईल घेऊन बसले होते.

मी उभा राहून माझा जबाब वाचला. पत्नीची पहिली खेप आहे असं माझ्या आईने सांगितलं तेव्हा मी हजर होतो. ते खोटं आहे हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. मग याडीचा वाचला. मग डबा उघडून पट्ट्या टेबलावर ठेवल्या. शिपाई मला थांबवायला पुढे आला, पण मधल्या खुर्चीवरच्या कलेक्टर मॅडम म्हणाल्या, "ठेवू द्या."

एका डॉक्टरांनी याडीला विचारलं, "आजी, हा अंगठा तुमचाच ना?"

"माहाच. दुसऱ्याचा कायले लावू?"

"कोणी दबाव तर नाही आणला?"

याडीने माझ्याकडे पाहिलं. "यानं? हा तं चार दिवस तोंडातून शब्द काढत नव्हता. असा कुठं दबाव असते?"

एक-दोघं हसले. शुभदा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ऑपरेशनची नोंद वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "मूळ कारण रुतलेली वार, आधीचं सिझर त्याला कारणीभूत, रक्तक्षय रक्तस्रावानंतरचा आहे. तसं लिहून द्यायला मी तयार आहे." मग कलेक्टर मॅडमनी पांढरीपांड्यांना विचारलं. ते उठले आणि म्हणाले, "विचारणा मी वेळेवर पाठवायला हवी होती. आता पाठवली आहे."

बैठकीच्या कागदावर ते लिहिलं गेलं. गोळ्या नियमित घेतल्या होत्या, हेही लिहिलं गेलं. हंसाबाईला त्याची नक्कल मिळाली. तिने ती तालुक्याच्या पुढच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचली, कोणी सांगितलं नसताना. पट्ट्या मी परत आणल्या. पुष्पाची पुन्हा सोनोग्राफी झाली. तिचीही वार समोर आहे, पण खाली नाही, वर आहे. तरी तिला नवव्या महिन्यात आधीच मोठ्या दवाखान्यात भरती करायचं ठरलं आहे, आणि रक्त द्यायला तांड्यातल्या सहा जणांची नावं हंसाबाईने लिहून ठेवली आहेत. पहिलं नाव माझं आहे. हंसाबाई आणि याडी आता घरोघर जाऊन जुनी कार्डं तपासतात. तांड्यात आधीचं लेकरू लपवलेल्या अजून दोन बाया निघाल्या. एका घरी याडीला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. ती बाहेर बसून राहिली.

बैठकीचा निर्णय वेगळा आणि फॉर्म चार वेगळा. फॉर्मची दुरुस्ती ज्या डॉक्टरांनी तो भरला त्यांच्या सहीने होते. ते पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या राज्यात गेले आहेत. पांढरीपांड्यांनी त्यांना दोन पत्रं पाठवली, मी तीनदा फोन केला. येतो म्हणतात. त्यांच्याऐवजी शुभदा मॅडमची सही चालेल का, हे वरच्या ऑफिसला विचारलं आहे, उत्तर आलेलं नाही. मी दर सोमवारी रेकॉर्ड रूममध्ये जातो. पांढरीपांडे आता अर्ज मागत नाहीत, फाईल काढून ठेवलेली असते.

परवाच्या सोमवारीही पाहिली. पुष्पाचं बाळंतपण व्हायचं आहे. माझ्या पोरीचं बारसं व्हायचं आहे. संगीताचा आकडा अजून ओ नव्याण्णव पॉइंट शून्य आहे आणि फॉर्म चारची तिसरी ओळ कोरी आहे.